तिसऱ्या भागातला चेलो

औरंगाबादच्या रेडिओ केंद्रात मला नोकरी लागली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. पाश्चात्य संगीताबद्दल मला एवढंच माहीत होतं की ते लागलं की अण्णा उठून रेडिओ बंद करतात. अण्णा म्हणजे माझे वडील. गुलमंडीत त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानात सकाळपासून रेडिओ चालू असायचा, भजनं, बातम्या, बाजारभाव. विलायती वाद्यं वाजायला लागली की ते म्हणायचे, "गिऱ्हाईक पळेल." आणि कान पिळायचे रेडिओचा.

माझं काम रेकॉर्ड लायब्ररीत होतं. रुजू झाले त्याच महिन्यात हैदराबादहून लाकडी खोक्यांतून जुन्या रेकॉर्डी आल्या. प्रत्येक रेकॉर्ड पूर्ण ऐकायची, कुठं चरा आहे, कुठं सुई उडते, ते लिहून ठेवायचं, असं मला सांगितलं होतं. मी शहाण्यासारखी आधी मराठी, मग हिंदी, मग शास्त्रीय असं संपवत गेले आणि विलायती खोकं शेवटी ठेवलं. ते उघडलं तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. खोलीत पंखा होता, पण रेकॉर्ड ऐकताना तो बंद ठेवावा लागायचा, त्याची घरघर मध्ये येते म्हणून. घाम पुसत, कंटाळत मी एकेक रेकॉर्ड लावत होते.

माझी समजूत अशी की विलायती संगीत म्हणजे शंभर माणसं एकदम वाजवतात आणि एकजण काठी हलवतो. खोक्यात बहुतेक तसंच होतं. पण तळाशी एक रेकॉर्ड निघाली तिच्यात चारच वाद्यं होती. पियानो, व्हायोलिन, व्हायोलिनपेक्षा जरा मोठा आणि घोगरा व्हायोला, आणि चेलो. चेलो मी तोपर्यंत पाहिला नव्हता. नंतर चित्रात पाहिला. व्हायोलिनच्याच घरातलं, पण खुर्चीत बसून गुडघ्यांमध्ये धरायचं, बसल्या माणसाच्या खांद्याला लागेल एवढं वाद्य.

पहिली बाजू लावली आणि नोंदवही पुढं घेऊन बसले. चरा शोधायचा होता. पाचेक मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी काहीच लिहिलेलं नाही. हे संगीत सभागृहातलं नव्हतं. एका खोलीत चारजण बसलेत, एकानं एक गोष्ट काढलीय, दुसरा ती पुढं नेतोय, तिसरा मान डोलावतोय, आणि चौथा मध्येच वेगळंच काहीतरी म्हणतोय, असं ते होतं. अशी रचना सुट्या भागांची असते, एक संपला की थांबून दुसरा सुरू होतो. दुसऱ्या भागात पियानो नुसता हळूहळू पावलं टाकतो आणि त्यावर चेलो बोलतो. मला त्या बोलण्यातलं काही कळलं नाही. पण कुणीतरी फार दिवस मनात ठेवलेलं सांगतंय, एवढं कळलं. मी सुई उचलून तो भाग परत लावला. मग परत.

रचनाकाराचं नाव कव्हरवर होतं. इथं देत नाही, कारण या लिखाणात कुणाचंच नाव मी घेणार नाही, मग त्याचं एकट्याचं कशाला. तसंही ते त्या काळी कुणाला माहीत नव्हतं. कव्हरवर तीन ओळींची माहिती होती. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या एका लहान गावी तो पियानो शिकवायचा. त्यानं बरंचसं संगीत मित्रांबरोबर घरी वाजवायला लिहिलं. त्याच्यामागे ते फारसं कुणी वाजवलं नाही.

आमचे कार्यक्रम अधिकारी नाट्यसंगीताचे भक्त, पण मोठ्या मनाचे. दर गुरुवारी दुपारी अडीच वाजता पंधरा मिनिटं पाश्चात्य संगीत लागायचं. मी रेकॉर्ड घेऊन त्यांच्याकडं गेले.

"कोण आहे हा?" त्यांनी कव्हर उलटसुलट करून विचारलं.

"कुणाला माहीत नाही, साहेब. पण चांगलं आहे."

"कुणाला माहीत नाही आणि चांगलं आहे, असं निवेदनात सांगायचं का?"

"चालेल की."

ते हसले आणि परवानगीची सही केली. पहिला भाग साडेतेरा मिनिटांचा होता, तेवढाच बसला. वाजला, संपला. केंद्रातल्या कुणीही त्याबद्दल एक शब्द काढला नाही. पुढच्या मंगळवारी श्रोत्यांच्या पत्रांत एक पोस्टकार्ड आलं. सगळं उर्दूत, वर फक्त इंग्रजीत दौलताबादचा पत्ता. ते मी दुकानात घेऊन गेले. अण्णांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेली. त्यांनी चष्मा लावला, कार्ड डोळ्यांपासून लांब धरलं आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेले.

"जनाब, गुरुवारी आपण पियानो आणि तारांच्या वाद्यांचं जे लावलं, त्याचा पहिला हिस्सा ऐकला. दुसरा हिस्सा मला पाठ आहे. मेहरबानी करून तिसरा हिस्सा लावावा. मी तीस वर्षं त्याची वाट पाहतो आहे."

अण्णांनी कार्ड खाली ठेवलं. "या माणसाला जाऊन भेटायला पाहिजे," ते म्हणाले.

मला घाई नव्हती, मला तिसरा भाग लावायचा होता. नऊ मिनिटांचा होता तो. परत साहेबांची सही घेतली. गुरुवारी निवेदिकेच्या तोंडून 'दौलताबादच्या एका श्रोत्याच्या आग्रहावरून' असं खास म्हणवून घेतलं आणि मंगळवारची वाट पाहू लागले. पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्या मंगळवारीही नाही. तीस वर्षं वाट पाहणारा माणूस एक कार्ड टाकत नाही म्हणजे काय, याचा मला राग आला आणि थोडी काळजीही वाटली. शेवटी रविवारी मी आणि अण्णा एसटीनं दौलताबादला गेलो.

किल्ल्याच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, पेरूची बाग होती. दोन खोल्यांचं घर. बागेत एक उंच, वाकलेला माणूस खुरप्यानं आळी करत होता. पन्नाशी उलटलेला, पांढरी दाढी, डोक्याला रुमाल. मी रेडिओ केंद्रातून आले म्हटल्यावर त्यानं हात धुतले, रुमाल सोडून परत नीट बांधला आणि मगच आम्हाला बसा म्हणाला.

"तिसरा भाग लावला होता आम्ही," मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले. "ऐकलात ना?"

"नाही बेटी." ते मराठीत बोलत होते, मधूनमधून दखनी. "त्या दिवशी अडीचला नेमके मेहमान आले. लग्नाचं आवतण घेऊन, आठ माणसं. ते बसलेत आणि मी रेडिओला कान लावून बसलो, असं बरं दिसतं का? सुरू होताना दोन सूर ऐकू आले. मग बंद केला."

"मग कळवायचं तरी. पुन्हा लावलं असतं."

"तुम्ही एकदा लावलं, माझं नाव न घेता माझ्यासाठी लावलं. आणखी किती मागायचं?"

अण्णांनी त्यांना विचारलं, हे संगीत तुम्हाला कुठून माहीत? मग त्यांनी सांगितलं. मी त्यांना चाचा म्हणू लागले ते त्याच दिवशी, म्हणून इथंही तसंच म्हणते.

चाचा तरुणपणी हैदराबादेत निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये होते. परेडला पितळी वाद्यं वाजायची, पण मेजवान्यांसाठी तारांच्या वाद्यांचाही एक छोटा ताफा होता. बँडमास्तर गोव्याचे. त्यांनी चाचांची लांब बोटं पाहून त्यांच्या हातात चेलो दिला आणि कागदावरचे विलायती सूर वाचायला शिकवले. एका बड्या अधिकाऱ्याची बायको पियानो वाजवायची. तिला चार वाद्यांची एक रचना बसवायची होती, तिच्याकडं छापील कागद होते. बँडमास्तर स्वतः व्हायोलिनवर, आणखी एकजण व्हायोलावर आणि चेलोवर चोवीस वर्षांचे चाचा. आठवड्यातून दोनदा बंगल्यावर तालीम. पहिला भाग बसला, दुसरा बसला. दुसऱ्या भागात चेलोच बोलतो. तिथं वाजवून झाल्यावर मॅडम एकदा म्हणाली, "आता पुढं जाऊ नका, थोडा वेळ बसा." आणि चौघं गप्प बसले होते.

"तिसरा हिस्सा पुढच्या हप्त्यात घेऊ म्हणाली. ज्यानं त्यानं आपापला भाग पाठ करून या. छापील कागद बाहेर न्यायचे नाहीत, म्हणून मी माझा भाग वहीत उतरवून घेतला. घाईघाईत. आणि मग ॲक्शन झाली."

अठ्ठेचाळीस साली भारतीय फौज निजामाच्या राज्यात शिरली ती पोलीस ॲक्शन, पण तसं पूर्ण म्हणायची गरज नव्हती. आमच्याकडं नुसतं ॲक्शन म्हटलं तरी सगळ्यांना कळायचं. अण्णा खाली पाहत होते. त्यांच्या त्या वर्षाच्या आठवणी वेगळ्या होत्या. त्यांचा मोठा भाऊ निजामाच्या तुरुंगात होता आणि ॲक्शन झाल्यावर सुटून आला होता. आमच्या घरात त्या दिवशी साखर वाटली होती. चाचांच्या घरात काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि अण्णांनी विचारलं नाही. अण्णा म्हणाले, "बाग कुणाची?" चाचा म्हणाले, "वडिलांची. फौज मोडली, चेलो जमा केला, इथं आलो. तेव्हापासून पेरू." मग दोघं पेरूंवर बोलू लागले, बराच वेळ.

मी आत गेले. चाची चहा ठेवत होत्या. ठेंगण्या, ठसठशीत, बोलायला चाचांपेक्षा मोकळ्या. त्यांनी दाराकडं पाहून आवाज खाली घेतला.

"तू शिकलेली हाईस म्हणून इचारते. ते गाणं कुणाचं हाय?"

"कुठलं?"

"मोट हाकताना, पाणी देताना, सारखं गुणगुणत्यात ते. लग्न झाल्यापासून ऐकते मी. लई दुखाचं हाय." त्यांनी चुलीत लाकूड सारलं. "हैदराबादेत कुणी होती का ह्यांची? खरं सांग. आता मला काय वाटायचं नाय."

मला हसू आलं आणि लगेच गेलं. मी त्यांना सांगितलं की ते गाणं नाही, एका वाद्याचा भाग आहे, वहीत लिहिलेला. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. "वही दावली हाय मला," त्या म्हणाल्या. "तिच्यात एक अक्षर न्हाय. नुसते ठिपके."

निघताना मी चाचांना म्हणाले, केंद्रावर या, लायब्ररीत बसून तिसरा भाग ऐका. साहेबांना विचारते. ते नको नको म्हणत राहिले. शेवटी अण्णांनी सांगितलं, "मी येतो न्यायला. माझ्याबरोबर आलात तर काय बिघडलं?"

पुढच्या सोमवारी अण्णांनी दुकान नोकरांवर सोडून त्यांना बसस्टँडवरून घेतलं आणि माझ्याकडं आणलं. चाचांनी धुवट पायजमा-शेरवानी घातली होती. शेरवानी जुनी आणि खांद्यात सैल झालेली. हातात कापडात गुंडाळलेली वही. साहेब सहज म्हणून आले आणि दाराशी उभे राहिले.

चाचांनी वही मांडीवर उघडली. मी तिसऱ्या भागावर सुई ठेवली.

ते दचकले. व्हायोलिन आणि पियानो एकदम उड्या मारतच सुरू होतात. तो भाग म्हणजे खेड्यातल्या लोकांचा नाच आहे, वेगाचा, पाय आपटत केलेला. चाचांचं बोट वहीत पहिल्या ओळीवर होतं आणि संगीत केव्हाच पुढं गेलं होतं. त्यांनी हात वर केला. मी सुई उचलली.

"हाच हिस्सा? नक्की?"

"तिसराच आहे, चाचा."

त्यांनी वहीतली पहिली ओळ परत बोटानं चाचपली. मग त्यांनी सांगितलं ते असं. छापील कागदावर सुरुवातीला एक शब्द असतो, हळू की जलद ते सांगणारा. घाईत तो शब्द उतरवायचा राहिला होता. चेलोला या भागात बहुतेक लांबलचक खालचे सूर आहेत, मध्ये मोकळ्या जागा आहेत, आणि एका ठिकाणी आठ ओळींचं गाणं आहे. दुसरा भाग हळू होता, मॅडम त्यानंतर गप्प बसली होती, मग शहरात जे झालं ते झालं. ते धरून चालले की तिसरा त्याहून हळू असणार.

"मी तीस साल याला मातम समजून गात होतो," ते म्हणाले. "हा तर नाच आहे."

दारातून साहेब म्हणाले, "पुन्हा लावा."

या वेळी चाचा तयार होते. त्यांचा पाय ताल धरू लागला. डाव्या हाताची बोटं उजव्या बाहीवर पडू लागली, जशी तारेवर पडतात. वहीत एका जागी बावीस घरं रिकामी होती. घर म्हणजे मात्रांचा एक गट, त्याला ते बार म्हणत. बावीस बार चेलोनं काहीच वाजवायचं नाही, नुसतं मोजायचं. ते मोजू लागले, ओठांतल्या ओठांत. आठ, नऊ. तिथं व्हायोला एकटा पुढं येतो आणि व्हायोलिन त्याची नक्कल करत त्याला चिडवतं, पियानो दोघांच्या मागून हसल्यासारखा. चाचा मोजायचे थांबले. त्यांनी वहीवरून डोळे काढले आणि रेकॉर्डकडं पाहिलं.

"हे लोक इथं हे करत होते होय," ते हळूच म्हणाले.

मग त्यांचा चेलो परत आला, ते आठ ओळींचं गाणं घेऊन. तेच गाणं, जे चाचींनी लग्नापासून ऐकलं होतं, पण धावत, हसत. चाचांना सूर गाठवेना. ते अर्ध्यावर थांबले आणि खरंच हसू लागले, आणि हसताना डोळे पुसू लागले. अण्णांनी विलायती संगीताचा अख्खा एक भाग पहिल्यांदाच ऐकला असेल. ते खुर्चीत ताठ बसून होते. संपल्यावर म्हणाले, "चांगलं खणखणीत आहे."

त्या दिवशी चाचांनी ती रेकॉर्ड चार वेळा ऐकली. दुसरा भाग मात्र लावू दिला नाही. तो पाठ आहे, म्हणाले.

मी त्या रचनाकाराच्या मागं लागले ते तेव्हापासून. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका जाड कोशात त्याच्यावर चार ओळी सापडल्या. त्यानं पियानो आणि तारांच्या वाद्यांसाठी आठ रचना लिहिल्या, असं त्यात होतं. परदेशात असलेल्या मावसभावाला मी पत्रं लिहिली. त्याला या गोष्टींत काडीची गोडी नव्हती, तरी दीड वर्षानं त्यानं पुठ्ठ्यात बांधून एक रेकॉर्ड पाठवली. तिच्यावर आमचीच रचना होती, दुसऱ्या लोकांनी वाजवलेली, आणि मागच्या बाजूला पियानो, व्हायोलिन, चेलो या तिघांची एक लहान रचना. मी मैत्रिणीचा रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि दौलताबादला गेले.

नाच वाजला तेव्हा चाची परातीत पीठ मळत होत्या. चाचांनी त्यांना बोलावलं. "ऐक. हे ते."

त्यांनी पिठाचे हात तसेच धरून उभ्याउभ्या सगळं ऐकलं.

"हे ते न्हाय," त्या म्हणाल्या.

"तेच आहे. मीच चुकीचं म्हणत होतो."

"इतकी वरसं?"

"हौ."

त्यांनी हातावरचं पीठ परातीत झाडलं. मग म्हणाल्या, "तुमचंच बरं होतं," आणि आत गेल्या.

चाचा पुढंही पाणी देताना ते गाणं संथच म्हणायचे, असं त्यांच्या मुलानं मला नंतर सांगितलं. जलद म्हणायला दम पुरत नाही, हे त्यांनी दिलेलं कारण. मला वाटतं चाचींसाठी म्हणत असावेत, पण हे माझं वाटणं. त्यांना परत चेलो वाजवायला मिळावा म्हणून मी पुण्याला, मुंबईला चौकशा केल्या होत्या. ते नको म्हणाले. त्यांची बोटं तोपर्यंत सांध्यांत जाडजूड झाली होती आणि वाईट वाजवलेलं स्वतःला ऐकू येणार, ते त्यांना सोसलं नसतं.

माझी बदली झाली, मग लग्न, मग आणखी एक बदली. चाचा गेल्याचं मला अण्णांच्या पत्रातून महिनाभरानं कळलं. अण्णा मातीला गेले होते. त्यांनी पत्रात एवढंच लिहिलं होतं की गर्दी बरीच होती, आणि पेरूचा बहार या साली चांगला आहे.

आता त्या रचनाकाराचं सगळं मोबाइलवर ऐकायला मिळतं. कुणीतरी त्याला शोधून काढलं, आठही रचना नव्यानं वाजवून घेतल्या. मी त्या ओळीनं ऐकल्या. खरं सांगायचं तर दोन अगदी कंटाळवाण्या आहेत, एक बरीचशी दुसऱ्या कुणासारखी वाटते. पण उरलेल्या पाचांत तो आपल्या मित्रांना घेऊन खोलीत बसलेला असतो, आणि कुणाला केव्हा बोलू द्यायचं हे त्याला बरोबर कळतं. तिघांची ती लहान रचना मला हल्ली जास्त आवडू लागली आहे. परवा भाचीनं विचारलं, यात सुरुवात कुठून करू? मी तिला तीच लावून दिली आणि स्वयंपाकाला लागले.